शाळेच्या व्हिडिओ प्रोजेक्टला फ्री एडिटिंग सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं: आधी एका मिनिटाची रंगीत तालीम करा

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या दुकानात लेकरांची गर्दी वाढते. लातूरात झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म असलं सगळं करतो मी, पूर्वी लेकरं चार्टपेपर अन् प्रिंटा मागायला यायची, आता मोबाइल पुढं करून विचारतात, काका सरांनी पाच मिनिटाचा व्हिडिओ आणा म्हणलंय, शूटिंग झालंय, आता जोडायचं कशात, फ्री वालं कोणतं चांगलंय? काउंटरवर उभ्या उभ्या दोन वाक्यात सांगून भागत नाही हे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

यंदा माझी भाचीही नववीत आहे. तिच्या गटाला पाणी हा विषय आला होता अन् चौघींनी ठरवलं की २०१६ च्या पाण्याच्या रेल्वेवर करायचं. त्या साली लातूरात पाणी इतकं आटलं होतं की मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. या पोरी तेव्हा अंगणवाडीच्या वयाच्या, एकीलाही धड काही आठवत नाही, पण घरात आज्जी आहेत, आईवडील आहेत, शेजारीपाजारी आहेत. चौघींनी मिळून चाळीसेक मिनिटं शूटिंग करून आणलं, लई चांगलं आणलं, अन् मग अडकल्या सॉफ्टवेअरला.

एकीच्या दादानं सांगितलं सिनेमावाले वापरतात तेच घ्या. ते डाउनलोड व्हायलाच अर्धा दिवस गेला अन् चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर उघडेचना. दुसरीनं जाहिरात बघून एक ट्रायल वालं घेतलं, दोन दिवस बसून सगळं जोडलं, एक्सपोर्ट केलं, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची एक तयार व्हिडिओ फाइल काढली, तर आज्जीच्या तोंडावरून आडवा भला मोठा शिक्का, काढायचा असेल तर पैसे भरा. शनिवारी संध्याकाळी भाची दुकानात आली तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता, "मामा, सोमवारी द्यायचंय, आता काय करू?"

तेव्हा तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. कोणतं सॉफ्टवेअर सगळ्यात चांगलं हे विचारत बसू नका, तुमच्याकडं जे मशीन आहे त्यावर, तुमच्या मोबाइलचा व्हिडिओ घेऊन, मराठी अक्षरं टाकून, शेवटपर्यंत कोणतं जातं ते बघा. अन् ते बघायचा एकच खात्रीचा उपाय आहे, खरं काम सुरू करायच्या आधी एका मिनिटाची रंगीत तालीम. पुढं सविस्तर सांगतोच.

आधी मशीन बघा

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून आय दाबा, सेटिंग उघडते, त्यात सिस्टीम, त्यात सगळ्यात खाली अबाउट. तिथं रॅम किती ते लिहिलेलं असतं. चार, आठ की सोळा हे एका कागदावर लिहा. विंडोज १० आहे का ११ ते पण लिहा. मग सी ड्राइव्हला जागा किती मोकळी ते बघा, वीस जीबी तरी रिकामी पाहिजे, नसेल तर आधी डाउनलोडचा फोल्डर साफ करा, निम्म्या मशीनची जागा तिथंच अडकलेली असते.

चार जीबी रॅम असेल तर वाईट वाटून घेऊ नका, शाळेचा प्रोजेक्ट होतो त्यावर, फक्त मोठ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागायचं नाही. अन् घरात कॉम्प्युटरच नसेल, आपल्याकडं बऱ्याच घरात नसतो, तर मोबाइलवर पण होतं, त्याचंही खाली लिहिलंय.

अन् अजून एक गोष्ट आत्ताच ठरवा, व्हिडिओ शेवटी दाखवायचा कुठं? शाळेच्या टीव्हीवर पेनड्राइव्हनं, प्रोजेक्टरवर, का सरांच्या व्हॉट्सॲपवर? सरांना आधीच विचारून घ्या, कारण तालीम तिथपर्यंत न्यायची आहे.

मग कोणतं?

माझं स्वतःचं पहिलं मत शॉटकट. पूर्ण फ्री, ओपन सोर्स (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो), व्हिडिओवर शिक्का येत नाही, काही दिवसांनी बंद पडत नाही, लॉगिन मागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे साध्या क्वालिटीला चार जीबी रॅम, एचडीला आठ अन् फोर-केला सोळा पाहिजे. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे त्याची पोर्टेबल झिप मिळते, ती पेनड्राइव्हवर उलगडून ठेवली की इन्स्टॉल न करता तिथूनच चालू होतं. शाळेच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरला ॲडमिनचा पासवर्ड असतो अन् तो पासवर्ड माहीत असलेले सर नेमके त्या दिवशी रजेवर असतात, अशा वेळी ही झिप कामाला येते.

ओपनशॉट हे दुसरं. हे पण ओपन सोर्स, २००८ पासून चालू आहे, दिसायला शॉटकटपेक्षा सोपं, बटणं कमी, पहिल्यांदा हात लावणाऱ्या लेकराला लगेच समजतं. त्यात टायटलचे तयार साचे असतात, साचा निवडायचा, शब्द बदलायचे, झालं. कमीत कमी चार जीबी रॅम मागतं पण सोळा असली तर बरं असं तेच म्हणतात, अन् माझ्या अनुभवात जुन्या मशीनवर तुकडे वाढत गेले की ते जड होत जातं, म्हणून पाच मिनिटाच्या पुढं जायचं असेल तर मी शॉटकटच सांगतो.

केडीएनलाइव्ह पण ओपन सोर्स आहे अन् लिनक्स असलेल्या मशीनवर माझा पहिला नंबर त्याला. ताकदवान आहे, एकदा हात बसला की कॉलेजपर्यंत पुरतं. पण सोमवारी द्यायचं असेल अन् आज शनिवार असेल तर नवीन माणसानं त्यात शिरू नये.

विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प बहुतेक आधीपासूनच असतं, स्टार्टमध्ये शोधा. मायक्रोसॉफ्टनं २०२१ ला ती कंपनी विकत घेतली अन् आता विंडोजसोबत देतात. फ्रीमध्ये १०८० (म्हणजे फुल एचडी) पर्यंत एक्सपोर्ट होतं, शिक्का नाही, तयार साचे भरपूर. पण मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, आठ जीबी रॅम मागतं, अन् आत जे संगीत अन् चित्रं दिसतात त्यातल्या काहींवर पैसेवाली खूण असते, ती घेतली की एक्सपोर्ट करताना प्रीमियम घ्या म्हणून अडवतं. आपलं स्वतःचं शूटिंग अन् स्वतःचा आवाज वापरला तर ही अडचण येत नाही.

डाविंची रिझॉल्व्हबद्दल प्रत्येक लेकरू विचारतं. फ्री आहे, खरंच फार मोठ्या तोडीचं आहे, सिनेमाचं रंगकाम होतं त्यात. पण सोळा जीबी रॅम अन् वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बारावीनंतर या लाइनमध्ये जायचंच असेल तर जरूर शिका, नववीच्या पाच मिनिटाला ते लागत नाही.

अन् विंडोज मूव्ही मेकर कुणी शोधत असाल तर थांबा. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७ मध्येच ते देणं बंद केलंय. त्याच नावानं आज जे डाउनलोड सापडतं ते ओरिजिनल समजून टाकू नका, आपल्या काळजीनं सांगतोय.

मोबाइलवाल्यांनी यूट्यूब क्रिएट बघावं, गुगलचं आहे, सप्टेंबर २०२३ ला आलं अन् सुरुवातीच्या देशांत भारत होता, फ्री आहे, शिक्का नाही. बाकीच्या बऱ्याच ॲपमध्ये फ्रीवाल्या व्हिडिओवर कोपऱ्यात त्यांचं नाव येतं, कशात जाहिरात बघितली की जातं, कशात जात नाही. तालीम केली की तेही कळतं. फक्त मोबाइलवर करताना एक पाळा, शूटिंग एकाच मोबाइलमध्ये गोळा करा अन् त्यात पाच-सहा जीबी जागा मोकळी ठेवा.

डाउनलोड करताना

गुगलवर नाव टाकलं की कधी कधी सगळ्यात वर जाहिरात येते, तिच्यावर जायचं नाही. पत्ता स्वतः टाइप करा, शॉटकट डॉट ऑर्ग (shotcut.org), ओपनशॉट डॉट ऑर्ग (openshot.org), केडीएनलाइव्ह डॉट ऑर्ग (kdenlive.org). पानावर मोठं हिरवं डाउनलोडचं बटण चमकायलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही, सॉफ्टवेअरचं नाव अन् विंडोज असं लिहिलेली लिंक शोधा.

क्रॅक केलेलं, फुल व्हर्जन म्हणून पेनड्राइव्हवर फिरणारं काही घेऊ नका. माझ्या दुकानातलं एक मशीन असल्याच एका क्रॅकनं गेलं होतं, गिऱ्हाइकांच्या फायली त्यात होत्या, आठ दिवस झोप नव्हती मला. आणि गरज काय त्याची, हे ओपन सोर्सवालं तर हक्कानं वाटता येतं, एकानं एकदा डाउनलोड करायचं अन् अख्ख्या वर्गाला पेनड्राइव्हवर द्यायचं, यात काही चोरी नाही, त्यांचं लायसन्सच तसं आहे. गावाकडं जिथं रेंज झाडाखाली जाऊन शोधावी लागते तिथल्या लेकरांना याचा लई उपयोग होतो.

एका मिनिटाची तालीम, हाताला धरून

आता मुख्य काम. उदाहरण शॉटकटचं देतो, बाकीच्यात बटणं वेगळी पण चाल हीच.

डेस्कटॉपवर एक फोल्डर करा, नाव इंग्रजीत साधं ठेवा, मधे जागा न सोडता. त्यात मोबाइलमधल्या तीन क्लिपा टाका, केबलनं टाका. व्हॉट्सॲपवर पाठवून घेऊ नका, तिथं व्हिडिओ दाबून लहान होतो अन् क्वालिटी जाते, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शॉटकट उघडलं की नवीन प्रोजेक्टचं नाव विचारतं, तोच फोल्डर निवडा, व्हिडिओ मोडमध्ये ऑटोमॅटिक राहू द्या. मग ओपन फाइल करून क्लिप उघडा. मोबाइलच्या क्लिपला कधी कधी तिथंच विचारतं, एडिट-फ्रेंडली करून देऊ का? हो म्हणा. मोबाइल सेकंदाला एकसारखे फोटो घेत नाही, उजेड कमी झाला की कमी घेतो, त्यामुळं पुढं जाऊन ओठ एकीकडं अन् आवाज एकीकडं असं व्हायची भीती असते, ते यानं निस्तरतं.

खाली टाइमलाइन उघडा, टाइमलाइन म्हणजे आडवी पट्टी, डावीकडं सुरुवात, उजवीकडं शेवट. क्लिप त्यात ओढून सोडा, तिन्ही एकामागं एक. आता स्पेसबार दाबून चालवा, जिथं कापायचंय तिथं थांबा अन् एस दाबा, तुकडा पडला. नको असलेल्या तुकड्यावर क्लिक करून एक्स दाबा, तो जातो अन् मागचा आपोआप पुढं सरकतो. चुकलं तर कंट्रोल झेड. या तीन बटणांवर निम्मा व्हिडिओ होतो, खरं सांगतो, भाचीला पण एवढंच शिकवलं होतं मी पहिल्या तासाला.

चालवताना अडखळत असेल तर मशीनला शिव्या देऊ नका, सेटिंगमध्ये प्रिव्ह्यू स्केलिंग आहे ते ३६० ला ठेवा. तेवढ्यानं नाही भागलं तर तिथंच प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम करताना सॉफ्टवेअर लहान नकलेवर चालतं अन् एक्सपोर्टला मूळ क्लिप घेतं. चार जीबीवाल्यांना हे एक बटण तारतं.

मग पहिल्या क्लिपवर क्लिक करून फिल्टर्स, अधिकचं चिन्ह, त्यात टेक्स्ट सिंपल, अन् मराठीत एक ओळ टाका. कोणती ओळ टाकायची ते पुढच्या भागात सांगतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त लेकरं फसतात. शेवटी फाइल, एक्सपोर्ट, यादीतून यूट्यूब निवडा, फोल्डर दाखवा अन् सोडून द्या. एका मिनिटाला किती वेळ लागला ते घड्याळात बघा. एका मिनिटाला सहा मिनिटं लागली तर पाच मिनिटाला अर्धा तास लागणार हे आत्ताच कळलं, एवढ्यासाठीच ही तालीम, शेवटच्या रात्री बारा वाजता कळून काय उपयोग.

अन् तालीम इथं संपली नाही. ती तयार फाइल पेनड्राइव्हवर घ्या अन् जिथं दाखवायचाय तिथं, शाळेच्या त्याच टीव्हीवर, एकदा लावून बघा. भाचीच्या शाळेतल्या टीव्हीला पेनड्राइव्ह वाचता आला पण आवाज येईना, टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरवर वळवलेला निघाला. तालमीत कळलं म्हणून सरांना आधी सांगता आलं.

हे सगळं तासा-दीड तासात नीट पार पडलं तर तेच तुमचं सॉफ्टवेअर, मग मित्र काही म्हणू द्या. कुठं अडकलं तर दुसरं घ्या अन् तीच तालीम पुन्हा.

मराठी अक्षरांची परीक्षा

तालमीत टायटल म्हणून "पाणी" एवढंच लिहू नका, पाणी कुठंही नीट येतं. "दुसऱ्या दिवशी स्त्रियांच्या घागरी, निर्णय अन् दुष्काळग्रस्त" असलं काहीतरी टाका. दुसऱ्या मधला तो ऱ्या बघा, फाँट बरोबर नसेल तर र वेगळा, य वेगळा अन् मधे पाय मोडलेला दिसतो. स्त्रि मधली वेलांटी भलत्या जागी जाते. निर्णयचा रफार उडतो. हे तिन्ही नीट आले म्हणजे बाकी सगळं येणार.

विंडोजमध्ये निर्मला यूआय नावाचा फाँट असतोच, तो चालतो. जरा ठसठशीत पाहिजे असेल तर गुगल फाँट्सवरून मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँटवाल्यांनी केलेत, फ्री आहेत. नोटो सॅन्स देवनागरी पण चांगला. ल अन् श तेवढे बघून घ्या, काही फाँटात ते हिंदी वळणाचे येतात, आपल्याला मराठी वळणाचे असले की डोळ्याला बरं वाटतं.

डीटीपीवाल्याकडून मजकूर टाइप करून आणला अन् सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, असं घेऊन येतात लेकरं. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो. कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फाँटात टाइप केलेलं युनिकोड (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारी अक्षरं) नसतं, आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फाँट मराठीचा मुखवटा देतो. उपाय सोपा, मोबाइलवर मराठी कीबोर्डनं टाइप करा, स्वतःलाच मेल करा, तिथून कॉपी करा. अक्षर मोठं ठेवा, खाली काळी पट्टी द्या, शेवटच्या बाकावरून वाचता आलं पाहिजे.

खरं काम: आधी वही, मग कॉम्प्युटर

चाळीस मिनिटातून पाच मिनिटं काढायची म्हणजे पस्तीस मिनिटं टाकून द्यायची, अन् ते माउस हातात घेऊन ठरत नाही. भाचीच्या गटाला मी वही घेऊन बसवलं. प्रत्येक क्लिप चालवायची अन् लिहायचं, क्लिप तीन, एक मिनिट दहा सेकंद, आज्जी टँकरचं सांगते, चांगलं. क्लिप पाच, सगळं मोटरसायकलच्या आवाजात गेलंय, नको. दोन तास गेले त्याला, पण नंतर टाइमलाइनवर मांडणी अर्ध्या दिवसात झाली.

त्यात एक जागा होती, आज्जीला नातीनं विचारलं, "आज्जे, तवा पाणी किती लागायचं गं घरात?" अन् आज्जी बोलायच्या आधी पाच सेकंद गप्प बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणली, "लागायचं किती ते न्हाई माय, मिळायचं किती ते इचार." एक पोरगी ते पाच सेकंद कापायला निघाली होती, रिकामं आहे म्हणून. मी म्हणलं राहू दे, पुन्हा एकदा नीट बघ. बघितल्यावर तिनं स्वतःच कंट्रोल झेड दाबलं. कुठं कापायचं हे कोणतंच सॉफ्टवेअर सांगत नाही, ते असं पुन्हा पुन्हा बघूनच येतं.

शूटिंग अजून बाकी असेल तर मोबाइल आडवा धरा, १०८० अन् सेकंदाला तीस फ्रेमवर ठेवा, फोर-के नको. हाय एफिशिएन्सी किंवा एच २६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) असं काही चालू असेल तर बंद करा, जागा वाचते पण जुन्या कॉम्प्युटरला ते उलगडताना दम लागतो. बोलणाऱ्याला आधी विचारा, व्हिडिओ वर्गात दाखवणार आहोत, चालेल ना म्हणून, अन् यूट्यूबवर टाकायचा असेल तर ते वेगळं विचारा.

आवाजाकडं सगळ्यात जास्त लक्ष द्या

चित्र जरा अंधारं असलं तरी माणसं बघतात, आवाज कळला नाही तर वर्ग दोन मिनिटात बडबडायला लागतो. बोलणाऱ्यापासून मोबाइल दोन हातांच्या आत पाहिजे. लांबूनच घ्यायचं असेल तर दुसरा मोबाइल रेकॉर्डर चालू करून आज्जीच्या मांडीवर ठेवा, अन् दोन्ही चालू झाल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा. कॉम्प्युटरवर दोन्ही आवाजांच्या रेघांत त्या टाळीचा उंच काटा दिसतो, काट्याला काटा जुळवला की ओठ अन् आवाज जुळले, मग व्हिडिओ घेतलेल्या मोबाइलचा आवाज बंद करून टाका.

पंखा बंद करा. उन्हाळ्यात जीवावर येतं, पण दहा मिनिटाचा प्रश्न आहे. तरी घरघर राहिलीच तर ऑडॅसिटी नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, त्यात कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदाचा नुसता पंख्याचा तुकडा निवडा, इफेक्टमध्ये नॉइज रिडक्शन, गेट नॉइज प्रोफाइल, मग सगळं निवडून पुन्हा तेच उघडा अन् ओके करा. थोडंच करा, जास्त केलं की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा येतो.

मागं सिनेमाचं गाणं लावायचा मोह होतो. वर्गात चाललं तरी यूट्यूबवर टाकल्यावर कॉपीराइट लागतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत फ्री संगीत आहे, पण मला विचाराल तर खरे आवाज घ्या. या पोरींनी नळाखाली घागर भरताना रेकॉर्ड केली, रिकाम्या घागरीचा आवाज अन् भरत आल्यावर बदलत जाणारा आवाज, अन् स्टेशनजवळ जाऊन मालगाडीचा खडखडाट घेतला. त्या दोन आवाजांवर त्यांचं अख्खं टायटल उभं राहिलं, मला तर ऐकताना अंगावर काटा आला. जुने फोटो लागले तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा अन् फोटो कुणाचा ते शेवटी लिहा.

फाइल मिसिंग, अन् बाकीच्या अडचणी

हे ठळक करून वाचा. प्रोजेक्टची फाइल म्हणजे व्हिडिओ नाही. शॉटकटची एमएलटी असो की ओपनशॉटची ओएसपी, त्यात फक्त कोणती क्लिप कुठं ठेवली, कुठं कापली याची यादी असते, काही केबीची. ती एकटी पेनड्राइव्हवर घेऊन मैत्रिणीच्या घरी गेलात तर तिथं सगळीकडं फाइल मिसिंग दिसणार. म्हणून सुरुवातीपासून सगळं एकाच फोल्डरमध्ये, क्लिपा, आवाज, फोटो, फाँट अन् प्रोजेक्ट, अन् न्यायचा तर अख्खा फोल्डर न्यायचा. मधेच क्लिपांची नावं बदलायची नाहीत.

लाइटीचं तर काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर दर पाच मिनिटाला कंट्रोल एस, अन् रोज रात्री फोल्डरची एक कॉपी दुसरीकडं. एक्सपोर्ट लाइट टिकण्याच्या वेळेला लावा.

फायनल एक्सपोर्ट एमपी४, एच २६४ (एच २६५ च्या आधीची, जुन्या मशीनलाही झेपणारी पद्धत), १०८०. यूट्यूबवाले १०८० ला सेकंदाला आठ मेगाबिट सांगतात, त्या हिशोबानं पाच मिनिटाची फाइल साधारण तीनशे एमबी होते, पेनड्राइव्हवर आरामात मावते, सरांना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पण जाते. फाइल चार जीबीच्या वर गेली तर फॅट ३२ प्रकारानं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसत नाही, पण पाच मिनिटाला तिथपर्यंत जायचं कारणच नाही, गेली तर सेटिंग चुकलंय समजा. एक्सपोर्ट झाल्यावर पूर्ण, म्हणजे पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, हेडफोन लावून एकदा बघा. दोन पेनड्राइव्ह करा, दोन वेगळ्या मुलींच्या दप्तरात.

भाचीच्या गटानं शॉटकटवर केलं, तिच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर, प्रॉक्सी लावून. शनिवारी रात्री तालीम, रविवारी सकाळी वही, दुपारी मांडणी, रात्री साडेनऊला एक्सपोर्ट लावलं अन् सव्वादहाला फाइल हातात होती. तालमीची फाइल टीव्हीवर लावायला रविवारी शाळा शिपायाकाकांनी उघडून दिली, त्यांचे उपकार.

अन् प्रोजेक्ट देऊन झाला की मोबाइल भरला म्हणून लगेच कच्च्या क्लिपा डिलीट करू नका. पाच मिनिटाच्या बाहेर जी पस्तीस मिनिटं राहिलीत त्यात आज्जीचं बोलणं आहे, तिच्या माहेरच्या आडाचं, रात्री दोन वाजता टँकरपुढं लागलेल्या रांगेचं. तो अख्खा फोल्डर एका जुन्या हार्डडिस्कवर काढून ठेवा, नावात तारीख अन् गाव लिहा, अन् एक कॉपी ज्यांच्या घरी शूटिंग केलं त्यांना पेनड्राइव्हवर नेऊन द्या.